सहावी नस आणि दीड महिन्याचा डोस

लसीचा डबा मी हातातून सोडला नाही, म्हणून माझं डोकं रस्त्यावर आपटलं. अपघात एवढ्या एका वाक्यात संपतो, पण आमचे हे तो अजूनही अर्धा तास सांगतात.

मंगळवार होता. मी एका खेड्यातल्या उपकेंद्रात नर्स आहे आणि आमच्याकडे मंगळवारी लसीकरण असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या पिशव्या लावलेला निळा डबा सकाळी घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत गावात पोचायचं, हा माझा पंचवीस वर्षांचा नेम. त्या दिवशी नेहमीचा ऑटोवाला आला नाही, म्हणून यांनी मोटारसायकल काढली. मी मागे, डबा मांडीवर, दोन्ही हातांची मिठी डब्याला. कंधारच्या पुढे एका वस्तीपाशी कुणीतरी नवा गतिरोधक करून ठेवला होता, त्याला ना रंग ना पाटी. गाडी उडाली. दुसरी कुठलीही बाई असती तर तिनं नवऱ्याचा खांदा धरला असता, नाहीतर मागची दांडी. मी डबाच धरून राहिले. गावात बायका पोरं घेऊन बसलेल्या असणार, डबा फुटला तर त्यांना परत पाठवावं लागेल, एवढंच डोक्यात होतं. पडले ती अशी की डबा वर आणि मी खाली. पहिला माणूस धावत आला, त्याला मी म्हणे विचारलं, "झाकण उघडलं का?"

झाकण उघडलं नव्हतं. एकही बाटली फुटली नव्हती.

नांदेडच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. डोक्यात रक्त साकळलेलं नाही म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहाचा थर्मास घेऊन दारातून आत आले, ते दोन आले. एकमेकांना चिकटलेले, अर्धे एकमेकांत शिरलेले. एकाच नवऱ्यानं मला आयुष्यभर पुरेसा ताप दिला होता, त्यामुळे मला आधी हसूच आलं. मग मी उजवीकडच्या खिडकीकडे बघितलं, ती एकच होती. डावीकडच्या पलंगाकडे बघितलं, तर पलंग दोन, पेशंट दोन, सलाईनच्या बाटल्या दोन. जितकं डावीकडे बघावं तितक्या त्या एकमेकींपासून लांब. मग हसू गेलं.

आरशात बघितलं तेव्हा माझा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. बाहेर जा म्हटलं तरी जात नव्हता.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. डोळा बाहेरच्या बाजूला ओढणारा एक स्नायू असतो, त्याला मेंदूतून एकच नस येते, सहावी. तिचा रस्ता लांबचा, त्यामुळे डोक्याला हिसका बसला की ती ताणली जाते. ते म्हणाले, डोळ्याला पट्टी लावा, पण आळीपाळीनं, काही तास या डोळ्याला, काही तास त्या. आणि पंधरा दिवसांनी लातूरला जा, तिथे डोळ्यांच्या नसा बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत. हे सगळं कागदावर लिहून दिलं.

मी घरी आले आणि पट्टी बांधली ती डाव्या डोळ्याला, आणि तिथेच ठेवली.

आळीपाळीनं हा शब्द मी ऐकला होता. दुसऱ्या डोसला उशीर केला म्हणून बायकांवर खेकसणारी बाई मी, मला काय कळत नव्हतं? पण उजवा डोळा झाकला की खोली फिरायची, पोटात ढवळायचं. डावा झाकला की जग एक व्हायचं, आणि माझं तोंडही बरं दिसायचं. खरं कारण हे दुसरं होतं. आमच्याकडे फुटका माठ फुटकी बाजू भिंतीकडे करून ठेवतात, उसवलेला पदर आत खोचतात. मी डोळा खोचला. लातूरला जायचं आज-उद्यावर ढकललं. हे विचारायचे, मी म्हणायचे, होतंय की कमी. कमी काहीच होत नव्हतं. झाकलेलं होतं, एवढंच.

तेव्हा आमच्या एकुलत्या एका मुलीला सातवा महिना होता. ती लातूरला दिलेली, औषधांच्या दुकानात बसते, शिकलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं होतं. आमच्या घरात आजवर जेवढी पोरं झाली, दिरांची, नणंदांची, भावाची, त्या सगळ्यांना दीड महिन्याचा डोस मीच दिला. हा डोस ताप आणणारा. मांडीला गाठ येते, पोर रात्रभर किरकिरतं, म्हणून आया घाबरतात. माझा हात हलका आहे असं सगळे म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. मुलगी लहानपणापासून बाहुलीला उदबत्तीची काडी टोचत म्हणायची, माझ्या बाळाला आईच सुई देणार. आता ते बाळ येणार होतं, आणि मला बाटलीच्या रबरी बुचात सुई नीट घालता येत नव्हती. एका डोळ्यानं वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. घरी रिकाम्या बाटलीवर करून बघितलं, सुई काठावर आपटून वाकली. मी आरोग्य केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांना सांगून रजा घेतली आणि ठरवलं, अशा हातानं कुणाच्याही लेकराला शिवायचं नाही.

रजेवर असूनही एका मंगळवारी राहवलं नाही, म्हणून नुसतं रजिस्टर लिहायला उपकेंद्रात गेले. सुई माझ्या जागी पाठवलेल्या नव्या सिस्टरच्या हातात होती. उकाडा भयंकर होता, पट्टीखाली घाम साठला, मी ती काढून ठेवली. पट्टी काढली की मला मान डावीकडे वळवून बसावं लागायचं. तसं केलं की दोन्ही डोळे उजव्या कोपऱ्यात जायचे आणि तिथे सगळं एक दिसायचं. म्हणजे समोरच्या बाईशी बोलताना माझं तोंड भिंतीकडे आणि नजर तिच्याकडे, तिरपी. एक तरुण सून पहिलटकरीण होती, सासूबरोबर आलेली. मी तिच्या पोराचं वजन विचारायला तिच्याकडे बघितलं आणि तिनं झटकन पोराच्या तोंडावर पदर टाकला.

सासू म्हणाली, "सिस्टर, तुम्ही असं काऊन बघून राहिल्या?"

"डोळ्याला मार लागलाय, मावशी. असंच बघावं लागतंय."

"हाव, ते खरं हाय," ती म्हणाली, आणि सुनेला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

पंचवीस वर्षं मी या बायकांना हसत आले होते. पोरांच्या गालावर एवढं मोठं काळं लावतात, डोळ्यांत काजळ कोंबतात, म्हणून. नजर-बिजर काही नसते गं, हात धुवा आधी, असं ओरडत आले होते. आणि आता तो पदर माझ्याच नजरेसाठी होता. घरी येताना रस्ताभर मी त्या सासूला मनातल्या मनात फाडून खाल्लं. यांना काही सांगितलं नाही. पट्टी मात्र त्यानंतर झोपतानाच काढायची, असं स्वतःलाच बजावलं.

बाळंतपण नांदेडला झालं, नीट झालं. मुलगी झाली. जन्मल्यावरच्या लसी तिथेच दिल्या. पाचव्या दिवशी आम्ही त्या दोघींना कंधारला घरी आणलं. मी डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी केली, बाळाला मालीश करून न्हाऊ घातलं. हे सगळं एका डोळ्यानं जमतं, हातांना सवय असते. दहाएक दिवस असे बरे गेले.

एके दुपारी मी तोंड धुऊन आले. पट्टी ओली झाली होती म्हणून दोरीवर टाकली होती. मुलगी डावीकडच्या पलंगावर बाळाला घेऊन बसलेली. मी दारात उभी राहून तिकडे बघितलं. मला दोन मुली दिसल्या, दोघींच्या मांडीवर एकेक बाळ. नीट दिसावं म्हणून मी मान वळवायला लागले. तेवढ्यात दोघींनी एकदम ओढणी ओढून बाळांची तोंडं झाकली.

"ऊन येतंय तिच्या डोळ्यांवर," मुलगी म्हणाली.

खोलीत ऊन नव्हतं. पश्चिमेची खिडकी सकाळपासून बंद होती.

मी आत स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासाठी ठेवलेला शिरा ढवळत बसले. परक्या सासूचा मला राग आला होता, इथे रागसुद्धा आला नाही. आपलीच पोर आपल्याला भ्यायली, एवढंच कळलं. संध्याकाळी यांना म्हटलं, "उद्या लातूरला जायचं." त्यांनी काऊन म्हणून विचारलं नाही. तो कागद त्यांनीच शोधून काढला.

कंधारहून लोहा आणि तिथून लातूरची गाडी. प्रवासभर मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. लातूरच्या डॉक्टरबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी कागद वाचला, तारीख बघितली, आणि मी आयांकडे जसं बघते तसं माझ्याकडे बघितलं.

"पंधरा दिवस म्हटलं होतं. अडीच महिने होत आले."

"हो."

"पट्टी कुठल्या डोळ्याला?"

"डाव्या."

"रोज? डाव्यालाच?"

मी मान डोलावली. "तुम्ही नर्स आहात ना?" त्या म्हणाल्या. या प्रश्नाला उत्तर नसतं, हे मला माहीत आहे, कारण मीही असेच प्रश्न विचारते.

मग त्यांनी माझा उजवा, चांगला डोळा हातानं झाकला आणि स्वतःचं बोट माझ्यापुढे, जरा डावीकडे धरलं. म्हणाल्या, झटकन या बोटाला बोट लावा. मी लावायला गेले तर माझं बोट त्यांच्या बोटाच्या पलीकडे, डावीकडे वीतभर हवेत. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा हवेत. मला घाम फुटला. त्या बोट धरून बसल्या आणि मी बोट मारत राहिले. किती वेळा ते मोजलं नाही. हळूहळू अंतर कमी व्हायला लागलं, आणि एकदा माझं बोट त्यांच्या नखावर टेकलं.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "या पाच मिनिटांत तुमची नस भरून आली का?"

"नाही."

"मग बोट कसं लागलं?"

मी माझ्या बोटाकडे बघितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, नस ताणली गेलीय, ती किती भरून येईल हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण नस म्हणजे नुसती तार. तिच्यामागे मेंदूत पेशी बसलेल्या आहेत, डोळा किती वळवायचा याचा हुकूम त्या सोडतात. आणि त्यांच्याही मागे, मानेच्या वरच्या बाजूला लहान मेंदू आहे, तिथल्या पेशींचं काम फक्त चूक बघणं. डोळा जिथे जायला हवा तिथे गेला नाही, हात चुकला, की त्या पेशी पुढच्या हुकमात थोडी भर घालतात. पुन्हा चुकला, पुन्हा भर. कमजोर स्नायूकडून अशानं काम काढून घेता येतं. "पण त्यांना चूक दिसली पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाईट डोळा झाकला, म्हणजे चूक झाकली. अडीच महिने त्या पेशींना वाटतंय की सगळं ठीक आहे. काय म्हणून शिकतील त्या?"

मी विचारलं, दोन्ही डोळ्यांना वेगळे हुकूम जात नाहीत का? तेवढं तरी नर्सला शोभेलसं विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, दोघांना एकच जातो. कमजोर डोळ्यासाठी हुकूम वाढवला की तोच चांगल्या डोळ्यालाही जातो, पट्टीखाली तो पार कोपऱ्यात जाऊन बसतो. मला आमचे सासरे आठवले. त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांच्यासाठी आवाज चढवला की शेजारी बसलेल्यालाही तो सोसावाच लागायचा. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

त्यांनी व्यायाम लिहून दिला. सकाळी दोन तास चांगल्या डोळ्याला पट्टी, हातानं काम करत. दुपारी दोन्ही डोळे उघडे, मान सरळ, आणि समोरून हलणाऱ्या वस्तूवर नजर. "चक्कर येईल, उलटी होईल, चिडचिड होईल. करायचं."

बाळाच्या दीड महिन्याच्या डोसला तेव्हा महिनाभर उरला होता.

पहिला आठवडा वाईट गेला. उजवा डोळा झाकला की दाराची चौकट जिथे दिसायची तिथे नसायची. डाव्या खांद्यावर निळे डाग पडले. चहा कपाच्या शेजारी ओतला. भाजी चिरायला हे देईनात, मग मी शेंगा निवडायला घेतल्या, तर हात सुपाच्या बाहेर. मी चिडून सूप फेकलं. यांनी शेंगा गोळा केल्या, सूप परत माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "चूक दिसली ना पेशींना? मग झालं." लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माणूस असं बोलायला लागतो.

मग यांनी अर्धापूरची केळी आणली. नर्सिंगच्या शाळेत आम्ही सुईचा सराव फळांवरच करायचो, ते त्यांना ठाऊक होतं. केळ्यावर ते कुंकवाचं एक बोट टेकवायचे, मी उजवा डोळा बांधून, साध्या पाण्यानं भरलेल्या सिरिंजनं त्या ठिपक्यावर नेम धरायचे. पहिल्या दिवशी सुई टेबलाच्या लाकडाला लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी केळ्याला लागायला लागली, पण ठिपक्याच्या डावीकडे. मग केळ्याच्या सालीवर भोकांची रांग दिसायला लागली, ठिपक्याकडे सरकत गेलेली. ती पाण्यानं लिबलिबीत झालेली केळी हे रोज संध्याकाळी मुकाट्यानं खायचे. वाया कशाला घालवायची, म्हणायचे.

दुपारी हे हातात स्टीलचा चमचा धरून भिंतीपुढून उजवीकडून डावीकडे चालायचे. चमचा दोन झाला की मी "झाले" म्हणायचे, हे तिथे खडूनं खूण करायचे. पहिली खूण माझ्या नाकासमोरच होती. मग ती डावीकडच्या कॅलेंडरापर्यंत गेली, तिथे आठवडाभर अडून बसली, मग खुंटीच्या जवळ सरकली. त्या खुणांकडे बघून मला आत कुठेतरी काहीतरी काम करतंय असं वाटायचं, माझ्या रागाची, लाजेची काही पर्वा न करता. नस भरत होती की पेशी शिकत होत्या, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

मुलगी हे सगळं पलंगावरून बघायची. मी बाळाजवळ गेले की तिचा हात अजून ओढणीकडे जायचा, मग मधेच थांबायचा. तो थांबलेला हात मला जास्त लागायचा.

बाळ महिन्याचं झालं तेव्हाची गोष्ट. सकाळी मी उजव्या डोळ्याला पट्टी बांधून शेंगा निवडत होते. मुलीनं एकदम हाक मारली, आवाज फाटलेला. "आई, इकडं ये. हिचा डोळा बघ."

मी पट्टी वर सरकवून गेले. बाळ दूध पिऊन सुस्त पडलं होतं आणि त्याचा एक डोळा नाकाकडे वळला होता. क्षणभरच. मग सरळ झाला, मग दुसरा वळला.

"तुझ्यासारखं झालं," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली. "पहिल्या आठवड्यातपण झालं होतं. तू तिला न्हाऊ घातलंस त्या दिवशी. मला वाटलं... मी शिकलेली, दुकानात लोकांना औषधं सांगून राहिले, आणि मला असं वाटलं, आई. म्हणून मी तिला झाकत होते. तुझ्यापासून."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, तिच्या थोबाडीत द्यावी इतका आला. अंगावर पाजलं, तापात मांडीवर घेऊन बसले, ती पोर. आणि मग तिच्या मांडीवरच्या त्या लहान तोंडाकडे बघितलं, डोळे इकडे-तिकडे भरकटत होते बिचारीचे, आणि राग कुठे ठेवावा तेच कळेना. मीही रडले. दोघी रडलो, बाळ झोपून गेलं.

डोळे पुसून मी तिला सांगितलं. लहान बाळांचे दोन्ही डोळे बरोबर चालायला शिकलेले नसतात. पहिले दोन-तीन महिने मधूनच असे वळतात. त्यांच्या मेंदूतल्या पेशी अजून चुका करून करून हुकूम बसवत असतात. तीन महिन्यांनंतरही वळत राहिला तर मात्र दाखवायचं. "तुझापण वळायचा," मी म्हटलं. "तुझ्या आजीनं मला तेव्हा लई घाबरवलं होतं." आजवर किती आयांना मी हे सांगितलं असेल. माझ्या मुलीला सांगायचं राहून गेलं होतं, कारण त्या दिवसांत डोळ्याचा विषय मी घरात काढूच देत नव्हते. ही माझी चूक होती आणि ती मी तिला तशी सांगितली.

"कळतंय गं मला," ती म्हणाली. पण तिला कळलं आणि तिच्या हाताला कळलं असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

डोसच्या आधीच्या आठवड्यात लातूरला जाऊन आले. डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. समोर आणि उजवीकडे एक दिसतं. डावीकडे वळल्यावर अजून दोन. तेवढं कदाचित राहील, म्हणाल्या. कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं आणि तोंडी दोन गोष्टी सांगितल्या. दोन दिसलं की हात थांबवायचा. आणि मान वळवायला लाजायचं नाही.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तो कागद बघून मला मंगळवारी रुजू करून घेतलं, नवी सिस्टर शेजारी असेल या अटीवर. पण पहिली सुई कुणाला द्यायची? मी मुलीला विचारलं. म्हटलं, दुसऱ्याच्या लेकरावर मी हात चालवून बघणार नाही. माझ्या नातीला आधी देईन, नाहीतर कुणालाच नाही. तुला नको असेल तर नवी सिस्टर देईल, ती चांगली देते. मुलगी बाळाचे लंगोट घड्या घालत होती. सगळे घालून झाले, मग म्हणाली, "येते मी मंगळवारी."

मंगळवारी उपकेंद्रात बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. मी परत आले म्हणून काही बोलल्या, काही नुसत्या बघत राहिल्या. मी हात धुतले, मुलीला खुर्चीवर बसवलं, बाळाच्या तोंडात पोलिओचे थेंब घातले. सिरिंज भरली. बुचात सुई एका फटक्यात गेली, तेव्हा बरं वाटलं. मुलीनं बाळाला मांडीवर आडवं घेतलं, डोकं डाव्या हातावर, उजव्या हातानं गुडघा धरला. पंचवीस वर्षं मी आयांना असंच धरायला सांगत आले. बाळाची मांडी माझ्या डाव्या बाजूला आली.

मी कापसानं मांडी पुसली, त्वचा ताणून धरली, आणि मला दोन मांड्या दिसल्या. एकीवर माझा अंगठा, दुसरीवरही माझा अंगठा.

डावा डोळा मिटला असता तर एक दिसली असती. कुणाला कळलंही नसतं. पापणी खाली यायलाही लागली होती. मी हात मागे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला दोन दिसून राहिले. थांबा जरा."

नवी सिस्टर पुढे आली, "मी देते मॅडम, आणा." तिचंही बरोबर होतं. मी सिरिंज तिच्याकडे द्यायला निघाले होते.

"थांबतो आम्ही," मुलगी म्हणाली. "आई, तू मान वळव."

मी मान डावीकडे वळवली. तोंड भिंतीकडे, नजर तिरपी, सगळ्या बायकांच्या देखत, सरळ माझ्या नातीवर. दोन मांड्या एकमेकींकडे सरकल्या आणि एक झाल्या. मुलीची ओढणी तिच्या खांद्यावर होती. तिचे दोन्ही हात बाळाला धरून होते, आणि तिनं ते हलवले नाहीत.

सुई गेली. नातीनं तोंड उघडून टाहो फोडला. मुलीनं तिला छातीशी घेतलं नाही. तशीच माझ्यापुढे उचलून धरली आणि रडत्या पोरीला म्हणाली, "बघ, आजीकडं बघ. आजीनं टोचलं ना तुला? बघ तिच्याकडं."